तीन दिवसांपासून दुखतंय

परवा वर्गात मी पेशंट झाले होते. आमच्याकडे हे नेहमीचंच आहे. मिरजेत आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मी संध्याकाळी सात ते साडेआठ इंग्रजी शिकवते. येणाऱ्या बहुतेक मुली नर्सिंग झालेल्या, इथल्याच कुठल्या ना कुठल्या हॉस्पिटलात ड्यूटी करणाऱ्या. मिरजेत हॉस्पिटलांना तोटा नाही. कुणाला इंग्लंडला जायचंय, कुणाला आयर्लंडला. त्यासाठी माझ्याकडच्या मुली ओईटी नावाची परीक्षा देतात, खास डॉक्टर-नर्स लोकांसाठी असलेली इंग्रजीची परीक्षा. तिच्या तोंडी भागात समोरचा माणूस पेशंट होतो आणि नर्सनं त्याच्याशी बोलायचं असतं. म्हणून मी खुर्चीत पोट धरून बसते.

समोरची मुलगी आयसीयूत चार वर्षं काम केलेली. पेशंटच्या चेहऱ्यावरून ओळखणारी, सलाईन लावताना हात न थरथरणारी. तिनं कार्ड वाचलं, वही उघडली आणि विचारलं, "हाऊ लाँग डिड यू हॅव धिस पेन?"

मी म्हटलं, "थ्री डेज."

तिनं लिहून घेतलं आणि पुढचा प्रश्न घेतला. मी तिला थांबवलं. "अगं, माझं पोट आत्ता दुखतंय की थांबलंय?"

"दुखतंय की. तुम्ही धरून बसलाय ना."

"मग तू मला विचारलंस काय?"

ती वहीकडे बघत राहिली. तिनं विचारलं होतं ते असं की, तेव्हा किती दिवस दुखत होतं? म्हणजे दुखून थांबलेलं दुखणं. मी तीन दिवस म्हटलं, तिनं तीन दिवस लिहिलं, आणि दोघींच्या मनात दोन वेगळी पोटं होती. वर्गात ठीक आहे. पण बर्मिंगहॅमच्या एखाद्या वॉर्डात रात्री दोन वाजता सत्तर वर्षांच्या आजोबांना हाच प्रश्न छातीबद्दल विचारला, तर ते गोंधळतील. मागच्या वेळचं विचारतेय की आत्ताचं?

मी फळ्यावर लिहिलं, "हाऊ लाँग हॅव यू हॅड धिस पेन?"

"मॅडम, हॅव आणि परत हॅड? एकाच वाक्यात दोन दोन कशाला?"

हा प्रश्न दर तुकडीत येतो, आणि मला तो फार आवडतो, कारण सगळी गाठ तिथेच आहे. त्यातला हॅड म्हणजे दुखणं असणं, त्याचं तिसरं रूप. आणि हॅव म्हणजे आपलं 'आहे'. बस एवढंच. 'झालं' हे एक आणि 'आहे' हे एक. 'झालं' मागचं, 'आहे' आत्ताचं, आणि दोन्ही एकाच क्रियापदात शेजारी शेजारी बसलेली. आलाय म्हणजे आला आहे, पडलाय म्हणजे पडला आहे. आपण दिवसातून शंभर वेळा हे बोलतो.

आम्हाला शाळेत प्रेझेंट परफेक्ट शिकवला तो असा: क्रिया नुकतीच पूर्ण झाली की हॅव किंवा हॅज लावायचं. सगळा भर 'नुकतीच' या शब्दावर. हा एक शब्द वर्षानुवर्षं किती नुकसान करतोय, हे मी रोज बघते. "आय हॅव सीन द ताजमहाल" असं म्हणणाऱ्यानं ताजमहाल तीस वर्षांपूर्वी पाहिला असेल. "शी हॅज लिव्ह्ड इन मिरज ऑल हर लाइफ" यात तर क्रिया संपलेलीच नाही, ती बाई आजही इथेच राहतेय. नुकतीच नाही आणि पूर्णही नाही, तरी हॅज आहेच. मग मुली म्हणतात, हा अपवाद, तोही अपवाद. अपवादांची वही भरत जाते आणि काळ कळत नाही तो नाहीच.

म्हणून मी पहिल्या दिवशी इंग्रजी बाजूला ठेवते आणि पाऊस सांगते. जूनमधली सकाळ आहे. तुमची आई दार उघडते, अंगण ओलं दिसतं, तुळशीच्या कुंडीत पाणी साठलेलं. ती आत वळून काय म्हणते? "रात्री पाऊस पडलाय गं." 'पडला' म्हणत नाही. पडताना तिनं पाहिला नाही, ती झोपली होती. तिच्यासमोर आहे ती ओली जमीन. पाऊस मागचा, ओल आत्ताची, आणि ती ओल बघून बोलतेय म्हणून 'पडलाय'. तीच आई संध्याकाळी शेजारणीला सांगते, "रात्री पाऊस पडला, मग लाईट गेले, मग झोपच लागली नाही." आता ती गोष्ट सांगतेय, एकामागून एक. आता 'पडला'. हा फरक आपल्याला कुणी शिकवलेला नाही. तो आईच्या दुधातून आलाय. (बघा, आलाय.)

इथपर्यंत मुलींचे चेहरे उजळतात. मग मला एक वाईट बातमी द्यावी लागते, ती अशी की आईचं ते पहिलं वाक्य जसंच्या तसं इंग्रजीत नेता येत नाही. "इट हॅज रेन्ड लास्ट नाइट" म्हटलं की चुकलं. 'लास्ट नाइट' आलं की हॅज उठून जातं. "इट रेन्ड लास्ट नाइट." किंवा मग रात्र काढून टाकायची आणि ओल्या अंगणाकडे बोट दाखवून "इट हॅज रेन्ड" म्हणायचं.

खरी अडचण ही आहे, आणि माझ्या पाहण्यातल्या कुठल्याही गाईडमध्ये ती अशी मांडलेली मला सापडली नाही. आपला 'लाय' काल-परवाबरोबर सुखानं नांदतो. "तो काल आलाय पुण्याहून." किती सुंदर वाक्य आहे! काल आला आणि अजून इथेच आहे, दोन्ही गोष्टी चार शब्दांत. "मी काल स्वतः त्याला बघितलंय." इथे 'लंय' ठासून सांगण्यासाठी आहे, साक्ष द्यायला उभं राहिल्यासारखा. इंग्रजीच्या हॅवला मात्र गेलेल्या वेळेचं नाव घेतलेलं खपत नाही. काल, मागच्या सोमवारी, 2016 साली, मी लहान असताना, यातलं काहीही आलं की तो निघून जातो. चालू असलेली वेळ त्याला चालते: आज, या आठवड्यात, आत्तापर्यंत, अजून.

याचा सगळ्यात जास्त फटका बसतो तो बायोडेटात. माझ्याकडे येणाऱ्या दहा बायोडेटांपैकी नवांत पहिली ओळ तीच असते: "आय हॅव कम्प्लीटेड माय जीएनएम इन 2016." मुलीचा दोष नाही. ती मनात म्हणतेय, "मी 2016 साली जीएनएम पूर्ण केलं आहे", आणि हे मराठी वाक्य निर्दोष आहे. (जीएनएम म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा.) मी तिला एवढंच सांगते, साल की हॅव, दोन्हींपैकी एक ठेव. साल हवं असेल तर "आय कम्प्लीटेड". माझ्याकडे ही पात्रता आहे एवढंच सांगायचं असेल तर "आय हॅव कम्प्लीटेड", आणि साल पुढच्या रकान्यात. मुली बायोडेटा घेऊन बसतात, पेन्सिलीनं सालांवर गोल करतात, मग प्रत्येक गोलाच्या आसपास हॅव शोधतात. दहा मिनिटांत कागद स्वच्छ होतो. एका मुलीनं मला तिच्या मुलाखतीनंतर सांगितलं की समोरच्या बाईंनी तिचा बायोडेटा वाचून 'वेल रिटन' म्हटलं. त्या दिवशी मी घरात शिरा केला.

आमच्या वर्गातून एक मुलगी दोन वर्षांपूर्वी इंग्लंडचा नाद सोडून जर्मनीला गेली. तिथे जर्मन शिकायला लागल्यावर तिचा मेसेज आला: "मॅडम, इथे हॅवबरोबर काल चालतं!" खरंच चालतं. जर्मनमध्ये "इश हाबे गेस्टर्न गेआर्बाइटेट", शब्दाला शब्द ठेवला तर 'मी काल काम केलंय'. फ्रेंचमध्येही हीच बांधणी कालबरोबर रोजच्या बोलण्यात येते. आणि 'पाच वर्षांपासून इथे राहतो' हे जर्मन, फ्रेंच माणूस आपल्यासारखंच साध्या वर्तमानकाळात सांगतो. मला हे वाचून माहीत होतं, पण तिच्या मेसेजनं वर्गात जी हवा बदलली, ती माझ्या सांगण्यानं बदलली नसती. मुलींना वाटत असतं की मराठी माध्यमामुळे आपलं डोकंच वाकडं झालंय. तसं काही नाही. आपली रीतही चारचौघांसारखीच आहे, या बाबतीत इंग्रजी वेगळ्या वाटेनं गेली.

'पासून'चं आता निघालंच आहे. "किती दिवसांपासून दुखतंय?" हा प्रश्न आपल्या दवाखान्यांत दिवसाला किती वेळा विचारला जात असेल! त्याचं इंग्रजी सगळीकडे एकच ऐकू येतं: "सिन्स हाऊ मेनी डेज इट इज पेनिंग?" इथल्या डॉक्टरांना ते कळतं, मलाही कळतं, आणि पेशंट बरा होतो. त्याला मी हसणार नाही, कुणी हसलेलं मला चालतही नाही. त्यात मराठी किती नीट विचार करते ते दिसतं: दुखणं आत्ता चालू आहे, म्हणून वर्तमानकाळ. इंग्रजी म्हणते, दुखणं चालू आहे हे खरं, पण तू मागचे तीन दिवसही मोजतोयस ना? मग मागचं आणि आत्ताचं दोन्ही धरणारा काळ वापर. "इट हॅज बीन हर्टिंग फॉर थ्री डेज." मग फॉर आणि सिन्स. आपल्याला दोन्हींना 'पासून' पुरतो. तीन दिवसांपासून आणि सोमवारपासून, दोन्हीकडे तेच. इंग्रजीला मोजलेल्या दिवसांना फॉर लागतो आणि जिथून मोजायला सुरुवात केली त्या खुंट्याला सिन्स. एवढं मी एकदाच सांगते. बाकी सवयीनं येतं.

ओईटीचा लेखी भाग म्हणजे या काळाची खरी तालीम. पेशंटच्या केस नोट्स देतात. पाच मिनिटं वाचायला, चाळीस मिनिटं लिहायला, आणि 180 ते 200 शब्दांचं पत्र लिहायचं, बहुधा पुढच्या डॉक्टरला किंवा घरी येणाऱ्या नर्सला. नोट्स तारेसारख्या असतात, क्रियापदाशिवाय. समजा लिहिलंय: स्मोकर, दहा सिगारेटी रोज, 1998 पासून. आता पत्रात काय लिहाल? "ही हॅज स्मोक्ड टेन सिगरेट्स अ डे सिन्स 1998." आजही ओढतोय. पण त्याच नोट्समध्ये चार ओळींखाली बारीक अक्षरात असतं: सोडली 2015. हे ज्या मुलीनं वाचलं तिच्या पत्रात हॅज राहत नाही: "ही स्मोक्ड टेन सिगरेट्स अ डे फ्रॉम 1998 अंटिल 2015." जिनं वाचलं नाही, तिनं सोडलेल्या माणसाच्या हातात परत सिगारेट दिली. ही व्याकरणाची चूक आहे का वाचनाची, हे मला सांगता येत नाही, आणि मुलींना मी सांगते की वॉर्डात हा भेद राहत नाही.

ऐकताना तर आणखी अवघड. बोलताना इंग्रज माणूस हॅव पुरता उच्चारत नाही, 'आय'च्या मागे नुसता 'व्ह' चिकटवतो. "आय'व्ह स्टॉप्ड द टॅब्लेट्स" आणि "आय स्टॉप्ड द टॅब्लेट्स", मधे फक्त ओठांचा एक स्पर्श. पहिल्यात गोळ्या बंद आहेत, आत्ता या क्षणी. दुसऱ्यात त्यानं कधीतरी बंद केल्या, नंतर परत चालू केल्या की नाही हे विचारायचं राहिलंय. मी रेकॉर्डिंग लावते आणि सगळ्यांना डोळे मिटायला सांगते. 'व्ह' ऐकू आला की बोट वर. पहिल्या आठवड्यात दोन-तीन बोटं वर जातात, महिन्याभरानं सगळी.

सकाळच्या गोळीचा प्रश्नही असाच. सकाळी अकराला पेशंटला विचारायचं, "हॅव यू टेकन युअर टॅब्लेट धिस मॉर्निंग?" सकाळ अजून चालू आहे, घेतली नसेल तर घेता येईल. दुपारी चारला तोच प्रश्न "डिड यू टेक" होतो, कारण सकाळ संपली. घड्याळ बघून काळ बदलायचा, हे मुलींना फार आवडतं. ड्यूटी बदलण्यासारखंच आहे, म्हणतात. अमेरिकेत मात्र अशा ठिकाणी, आणि 'आत्ताच' किंवा 'झालं का' असल्या प्रश्नांतही, साध्या भूतकाळावर पुष्कळदा भागतं. "डिड यू ईट यट?" असं तिकडे सहज म्हणतात. एकीची न्यू जर्सीतली चुलत बहीण फोनवर असंच बोलते म्हणून तिनं मला अडवलं होतं. बहीण बरोबर आहे आणि मीही बरोबर आहे. इंग्लंडला जाणाऱ्यांनी माझं ऐकावं.

मागच्या वर्षी गुड फ्रायडेनंतरच्या आठवड्यात एका मुलीनं विचारलेला प्रश्न मी अजून विसरले नाही. मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांनी 1894 साली मिशन हॉस्पिटल सुरू केलं तेव्हापासून इथे ख्रिस्ती वस्तीला आणि नर्सिंगला एकमेकांची सोबत आहे. ही मुलगीही तशाच घरातली. म्हणाली, "मॅडम, ईस्टरला आमच्याकडे 'ही इज रिझन' म्हणतात. तुम्ही म्हणता हॅज पाहिजे. बायबल चुकीचं आहे का?"

चुकीचं मुळीच नाही. 1611 सालचं किंग जेम्स बायबल त्या काळची इंग्रजी बोलतं. तेव्हा येणं, जाणं, उठणं, होणं अशा क्रियापदांना हॅव नसून बी लागायचं: ही इज कम, ही इज गॉन, ही इज रिझन. म्हणजे सरळ आपलं 'तो आला आहे, गेला आहे, उठला आहे'. तिच्या मराठी बायबलात 'तो उठला आहे' असंच आहे. पुढच्या दोन-तीनशे वर्षांत हॅवनं बीची जागा घेतली आणि असली वाक्यं प्रार्थनेत आणि जुन्या ढंगाच्या भाषांतरात उरली. गीतेच्या अकराव्या अध्यायातला 'कालोऽस्मि' अणुबॉम्बवाल्या शास्त्रज्ञ ओपेनहायमरनं टीव्हीवर सांगितला तो "नाऊ आय ॲम बिकम डेथ" असा. पुष्कळांना तिथे 'ॲम'ची चूक वाटते. ती चूक नाही, ते इंग्रजीतलं हरवलेलं 'झालो आहे' आहे.

आणि हॅव? तो कुठून आला? हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत तो खरोखरच 'जवळ असणं' होता. माझ्याकडे पत्र आहे, लिहिलेलं. माझ्याकडे मासा आहे, पकडलेला. तेव्हा 'लिहिलेलं', 'पकडलेला' हे शब्द त्या वस्तूप्रमाणे पुष्कळदा बदलायचेसुद्धा, जसे आपले बदलतात: मी पत्र लिहिलंय, मी चिठ्ठी लिहिलीय, मी निबंध लिहिलाय. लिहिणारी मी, आणि क्रियापद चालतं पत्राच्या मागे. आपल्याकडे हे फार जुनं आहे. श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी कोरलेलं 'श्रीचावुण्डराजें करवियलें' आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केलंय. चावुंडरायाकडून करवलं गेलं. त्या ओळीत साल नाही. मूर्ती समोर उभी आहे. हळूहळू इंग्रजीत मासा-पत्र मागे सरकलं, हॅव पुढे आला आणि 'जवळ असणं' विरघळून नुसतं 'आहे' उरलं. पण मला वाटतं पूर्ण विरघळलं नाही. आजही "आय हॅव रिटन अ लेटर" म्हटलं की ते लिहिलेलं पत्र कुठेतरी हाताशी आहे असं वाटतं.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो मात्र 'होता'वर. हा लेख सुरू करताना मीच लिहिलंय, "परवा मी पेशंट झाले होते." मराठीत हे सहज आहे, गोष्ट सांगायला बसताना आपण 'होते' असं पाट मांडल्यासारखं मांडतो. शिवाय 'तो आलाय' म्हणजे घरात आहे, आणि 'तो आला होता' म्हणजे येऊन गेला. इतकं काम आपलं होता-होते करतं. मुली त्याच्यावरून "आय हॅड कॉल्ड यू येस्टरडे" म्हणतात आणि इंग्रज माणूस वाट बघत राहतो: काल फोन केला होतास, मग त्याच्या आधीचं-नंतरचं काय झालं? त्याच्या हॅडला दुसरी घटना लागते, जिच्या आधी ही घडली. "आय कॉल्ड यू येस्टरडे" एवढंच पुरे. येऊन गेलेल्याची गोष्ट आपण कृतीनं सांगतो: तो मुंबईला गेलाय, तो मुंबईला जाऊन आलाय. इंग्रजीत तीच जोडी "ही हॅज गॉन टू मुंबई" आणि "ही हॅज बीन टू मुंबई". 'बीन' म्हणजे 'जाऊन आलाय' असं एकदा सांगितलं की त्या दोन वाक्यांत कुणी चुकत नाही.

बातम्यांचं निरीक्षण मी घरचा अभ्यास म्हणून देते. इंग्रजी बातमीचं पहिलं वाक्य बहुतेक वेळा हॅज घेऊन येतं, अमुक ठिकाणी अपघातात दोघांचा मृत्यू झाला आहे, आणि दुसऱ्या वाक्यापासून साधा भूतकाळ, हा अपघात काल रात्री घडला. आपल्या मराठी वाहिन्यांवर निवेदिका अगदी तसंच बोलतात. मुली आठवडाभर दोन्ही ऐकतात आणि दोन्हीकडे 'आहे' कुठे संपतं तिथे वहीत रेघ मारतात.

एक गोष्ट मी पूर्वी शिकवत नव्हते, आता शिकवते. मराठीत आपण म्हणतो, तुकोबांनी म्हटलंय, ज्ञानोबांनी सांगितलंय. चारशे वर्षं झाली, सातशे वर्षं झाली, तरी 'लंय'. जणू परवाच्या कीर्तनात सांगितलं. इंग्रजीत गेलेल्या माणसाच्या पुढे सहसा हॅज लागत नाही. "तुकाराम रोट", लिहिलं आणि झालं. अभंग कर्ता केले तर चालतं: अभंग आजवर गायले गेले आहेत, "हॅव बीन संग", कारण अभंग आहेत. म्हणजे इंग्रजीत हॅजसाठी कर्ता आजही असावा लागतो. हे मला पुस्तकांत वाचून माहीत होतं. कळलं ते एका मंगळवारी.

'माय फॅमिली'वर दहा ओळी लिहायला दिल्या होत्या. एका मुलीची वही मी तपासायला घेतली. कडेगावकडची, शांत, अक्षर मोत्यासारखं. तिसरी ओळ होती, "माय फादर हॅज वर्क्ड इन अ शुगर फॅक्टरी फॉर ट्वेंटी-सिक्स यर्स." एकही चूक नाही. फॉर बरोबर, हॅज बरोबर. मी मोठ्यानं वाचून दाखवलं सगळ्यांना, बघा म्हटलं, असं यायला हवं. वर्ग सुटल्यावर ती मागे थांबली. म्हणाली, "मॅडम, पप्पा गेल्या दिवाळीत गेले."

मी काही बोलायच्या आत तिनंच वही पुढे ओढली आणि पेन घेतलं. हॅज खोडला, तेवढाच. बाकीचं वाक्य तसंच राहिलं, एका अक्षराला धक्का न लागता: माय फादर वर्क्ड इन अ शुगर फॅक्टरी फॉर ट्वेंटी-सिक्स यर्स. वर्क्ड तेच, वर्षं तीच. माझा हात वहीवरच होता. चाळीस वर्षं मी ही भाषा वाचतेय, पण या एका शब्दात काय आहे ते इतक्या जवळून पाहिलं नव्हतं.

मी तिला पाणी दिलं. थोडा वेळ आम्ही दोघी गप्प होतो. मग तिनं पुढची ओळ दाखवली. "माय फादर हॅज टॉट मी सायकलिंग." म्हणाली, "मॅडम, हेही खोडायचं?"

मी म्हटलं, हो, तिथे 'टॉट' एवढंच येईल. पण कर्ता बदलून बघ. पप्पांच्या जागी स्वतःला घाल. तू आहेस ना.

ती बराच वेळ विचार करत बसली. बाहेर मिरज-पंढरपूर रस्त्यावर ट्रकची रांग लागली होती, हॉर्न वाजत होते. मग तिनं ओळीखाली लिहिलं, "आय हॅव केप्ट हिज बायसिकल." आणि मान वर करून विचारलं, "हॅव केप्ट, की हॅव बीन कीपिंग?"

मी विचारलं, "सायकल आहे का अजून?"

"हो मॅडम. मागच्या पडवीत. हवा भरते मी महिन्याला."

"मग हॅव केप्ट."